दगडाचा सातबारा

समजा, कन्हेरीच्या मारुतीच्या देवळापुढे संध्याकाळी चार माणसे बसली आहेत. हे देऊळ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ येथे फुटतो म्हणून. पण निवडणुका काही रोज नसतात. एरवी तेथे बोलणे चालते ते उसाच्या तोडीचे, कालव्याच्या पाळीचे आणि कोणाच्या रानात मीठ फुटले त्याचे. अशात एक टेम्पो येऊन थांबतो. पांढऱ्या शर्टातला एक तरुण उतरतो आणि हात जोडतो.

"राम राम तात्या. परदेशी जिप्सम आणलंय. करारातला माल आहे. सरकारनं आयात जकात माफ केलीय, म्हणून या भावात परवडतं. चार टन उतरवू का?"

तात्या पोत्याला हात लावून बघतात, भाव करू लागतात. तेवढ्यात देवापुढे दिवा लावून आक्का बाहेर येतात. घरचा सगळा हिशेब त्यांच्या वहीत असतो. त्या म्हणतात, "जकात माफ झाली म्हणतोस बाबा, ती कुणाला? आम्हाला, का तुझ्या मालकाला? आन् कशावरनं?"

तरुण हसतो आणि विषय बदलतो.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण आक्कांचा प्रश्न खरा आहे आणि तो लाखमोलाचा आहे. आज आपण त्याचेच उत्तर पाहणार आहोत. विषय कस्टमचा, म्हणजे आयात जकातीचा आहे. वाचकांपैकी काहीजण म्हणतील, बंदरावरच्या गोष्टीशी आमचा काय संबंध? तसे पाहिले तर आपल्या रानात पडणारे कितीतरी पोते समुद्रावरून येते. आपल्या देशात पोटॅशची एकही चालू खाण नाही. रशिया, कॅनडा, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून ते जहाजाने येते. सुपर फॉस्फेट ज्या दगडापासून बनते त्या रॉक फॉस्फेटची राजस्थानात झामरकोटऱ्यासारखी खाण आहे, तरी बराच दगड जॉर्डन, मोरोक्को, इजिप्तकडून आणावा लागतो. द्राक्षबागेवर धुरळायच्या गंधकाचा मोठा साठा आखाती देशांतल्या वायूच्या कारखान्यांतून निघतो. आणि जिप्सम राजस्थानात मुबलक असूनही ओमानच्या सलाला बंदरातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जहाजे भरून येते; त्यातला मोठा वाटा सिमेंट कारखान्यांकडे जातो, थोडा बाजारात फिरतो.

कन्हेरीच्या आसपासच्या पट्ट्याला तर जिप्समचे नाव नवे नाही. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. भाटघरचे पाणी आले, ऊस आला, पैसा आला, आणि त्याच्या मागोमाग पाणथळ जमिनी आल्या. ज्या रानातून पाण्याचा निचरा होत नाही तेथे क्षार वर येतात, हे आपल्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिले. डॉ. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या दोघा कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीच पुस्तिका प्रसिद्ध केली होती. पुढे १९३२ साली नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. म्हणजे हा आजार शंभर वर्षांपेक्षा जुना आहे आणि त्यावरचे औषधही जुनेच. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. जिप्सममधले कॅल्शियम त्याला तेथून उठवते, आणि मग पाण्याबरोबर तो खाली वाहून जातो. अर्थात वाहून जायला चर हवेत. निचऱ्याची सोय नसताना जिप्सम टाकणे म्हणजे मोरीचे भोक बुजवून न्हाणीघर धुण्यासारखे आहे.

तेव्हा औषध लागतेच. प्रश्न आहे तो भावाचा, आणि भावात सांगितल्या जाणाऱ्या "माफ जकाती"चा.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. परदेशातून माल आला की सरकार त्यावर आयात जकात घेते. कायद्याच्या भाषेत तिला सीमाशुल्क म्हणतात. पण काही देशांशी आपल्या देशाने करार केलेले आहेत. तुमच्याकडून येणाऱ्या अमुक मालावर आम्ही जकात कमी घेऊ किंवा घेणारच नाही, तुम्हीही आमच्या मालाला तसेच वागवा, असा तो व्यवहार. आपल्या शेजारच्या देशांचा साफ्टा नावाचा करार २००४ च्या जानेवारीत इस्लामाबादला झाला आणि २००६ पासून अमलात आला. आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी वस्तूंच्या व्यापाराचा करार ऑगस्ट २००९ मध्ये झाला, तो १ जानेवारी २०१० पासून लागू होऊ लागला. भूतानशी तर १९७२ पासूनच व्यापाराचा वेगळा करार आहे. तो वेळोवेळी नवा केला जातो, शेवटचा २०१६ साली झाला. संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ साली झाला.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. करारावर सही झाली म्हणजे त्या दिवसापासून जकात गेली, असे होत नाही. अमिरातीच्या करारावर सह्या झाल्या १८ फेब्रुवारी २०२२ ला आणि तो लागू झाला १ मे २०२२ ला. ऑस्ट्रेलियाच्या करारावर सह्या २ एप्रिल २०२२ ला झाल्या, पण लागू व्हायला २९ डिसेंबर उजाडले. ओमानशी मस्कतला करार झाला तो १८ डिसेंबर २०२५ ला. वर्तमानपत्रात हस्तांदोलनाचा फोटो छापून आला की दुसऱ्या दिवशीच "करारातला माल" बाजारात सांगितला जातो. फोटोच्या दिवशी बंदरावर काहीही बदललेले नसते. तेथे बदल होतो तो करार अमलात आल्यावर, कस्टमची अधिसूचना निघाल्यावर, आणि तोही त्या अधिसूचनेच्या यादीत मालाचा क्रमांक असेल तर. प्रत्येक मालाला असा क्रमांक असतो. गंधकाचा २५०३, रॉक फॉस्फेटचा २५१०, जिप्समचा २५२०, पोटॅश खताचा ३१०४, असे त्याचे पहिले चार आकडे. देश करारात आहे पण वस्तू यादीत नाही, असे पुष्कळदा होते. किंवा वस्तू यादीत आहे, पण जकात एकदम न जाता वर्षावर्षाने उतरत जाणार आहे, असेही असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. सवलत मिळते ती कोणाला? व्यापाऱ्याला नव्हे, जहाजाला नव्हे, बंदरालाही नव्हे. ती मिळते मालाच्या जन्मगावाला.

हे आपल्याला कळायला अवघड नाही. तुमची जमीन तुमची आहे हे तुम्ही गावभर सांगत फिरलात तरी बँकेचा साहेब विचारतो, सातबारा आणला का? पीककर्ज हवे, सातबारा. विहिरीचे अनुदान हवे, सातबारा. तसाच परदेशी मालाचाही सातबारा असतो. त्याला मूळ देशाचे प्रमाणपत्र म्हणतात. हा दगड आमच्याच देशाच्या जमिनीतून निघाला, असे त्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेले असते. आसियानच्या कराराचा नमुना वेगळा, साफ्टाचा वेगळा. त्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे आणि शिक्क्यांचे नमुने आपल्या कस्टमकडे आधीच आलेले असतात. सही जुळली नाही, कागदावर खाडाखोड दिसली, की शंका घेतली जाते. तलाठ्याची सही नसलेला उतारा जसा कोणी धरत नाही, तसेच हे.

खनिजाच्या बाबतीत जन्मगाव ठरवणे इतर मालापेक्षा सोपे आहे. कापडाचे बघा. कापूस एकीकडचा, सूत दुसरीकडचे, शिवण तिसरीकडची. मग ते कोणत्या देशाचे म्हणावयाचे, यावर पाने भरून नियम आहेत. खनिजाला मात्र एकच नियम पुरतो. ज्या देशाच्या जमिनीतून किंवा समुद्रतळातून ते काढले, त्या देशाचे ते "संपूर्णपणे मिळवलेले" उत्पादन. भूतानच्या पेमागात्शेल जिल्ह्यातल्या खोथाकपाच्या खाणीतून निघालेले जिप्सम भूतानचेच. त्यात वाद नाही. तेथल्या तेथे ते फोडले, चाळले, पोत्यात भरले तरी ते भूतानचेच राहते.

पण खेळ होतो तो येथेच. समजा, ज्याच्याशी आपला करार नाही अशा देशातला दगड करारातल्या देशात नेला, तेथे दळला, नवे पोते चढवले आणि भारतात पाठवला. पोत्यावर करारातल्या देशाचे नाव! हा दगड करारात बसतो का? नाही. आसियानच्या करारात बाहेरचा कच्चा माल वापरला असेल तर तेथे किमान ३५ टक्के किमतीची भर पडलेली असावी लागते आणि मालाचा क्रमांकही बदललेला असावा लागतो. दगड दळून दगडच राहिला तर ना क्रमांक बदलतो, ना नुसत्या दळण्याला कोणी मूळ निर्मिती मानतो. शेजारच्या गावचे दूध आपल्या कॅनमध्ये ओतले म्हणून ते आपल्या गोठ्यातले होत नाही.

दुसरी अट आहे वाटेची. माल मूळ देशातून सरळ आला पाहिजे. वाटेत दुसऱ्या देशात जहाज बदलले तर चालते, पण तेथे तो विकलेला नसावा, त्याच्यावर प्रक्रिया केलेली नसावी आणि सबंध वाटेचा जहाजाचा कागद बरोबर असावा. लाओसचे उदाहरण घ्या. लाओसमध्ये पोटॅशच्या खाणी आहेत आणि लाओस आसियानमध्ये आहे. पण त्या देशाला समुद्रच नाही. चहूबाजूंनी जमीन. त्यामुळे तेथला माल शेजारच्या देशातून बंदर गाठतो. अशा मालाच्या कागदांत खाणीपासून आपल्या बंदरापर्यंतची वाट सलग दिसावी लागते. मध्येच तुटली की सवलतही तुटते.

हे सगळे एवढे काटेकोर का, असे कोणी विचारील. त्याचे कारणही शेतकऱ्याच्याच घरात सापडते. काही वर्षांपूर्वी कर्नाटक-केरळातले मिरी पिकवणारे शेतकरी ओरडत होते की व्हिएतनामची मिरी श्रीलंकेमार्गे, श्रीलंकेची म्हणून, सवलतीच्या जकातीत आपल्या बाजारात घुसते आणि आमचा भाव पाडते. सरकारला डिसेंबर २०१७ मध्ये मिरीला किलोमागे ५०० रुपये अशी आयातीची किमान किंमत ठरवावी लागली. पुढे १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी करारांच्या सवलतीचा गैरफायदा घेतला जात असल्याचे सांगितले, सीमाशुल्क कायद्यात २८ डी.ए. हे नवे कलम आले आणि २१ सप्टेंबर २०२० पासून त्याखालचे नियम लागू झाले. आम्हाला हे नियम योग्य वाटतात. मिरीवाल्यांच्या पोटावर पाय येत होता तो कागद नीट न पाहिल्यामुळेच.

त्या नियमांनी मोठा फरक केला. पूर्वी आयात करणारा प्रमाणपत्र पुढे करी आणि म्हणे, हा घ्या कागद, बाकी मला माहीत नाही. आता ते चालत नाही. माल खरोखर त्या देशाचा आहे याची माहिती आयातदाराने स्वतः मिळवून ठेवली पाहिजे. खाण कोणती, माल कसा काढला, किमतीत कोणाचा वाटा किती, हे ठरवून दिलेल्या नमुन्यात भरून ठेवावयाचे. हे कागद पाच वर्षे जपावयाचे. माल बंदरात आला की बिल ऑफ एंट्री नावाचा जो अर्ज भरतात, त्यातच सवलत मागत असल्याचे लिहावयाचे, कोणता करार, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख काय, कोणत्या निकषाने माल त्या देशाचा ठरतो, हे सगळे. अधिकाऱ्याला शंका आली तर तो माहिती मागतो आणि दहा कामाच्या दिवसांत ती द्यावी लागते. समाधान झाले नाही तर तो त्या देशाकडे पडताळणीला पाठवतो. तोवर माल हवा असेल तर सवलत आणि पूर्ण जकात यांमधल्या फरकाइतके तारण ठेवून सोडवावा लागतो. मार्च २०२५ मध्ये या नियमांत "प्रमाणपत्र" या शब्दाच्या जागी "पुरावा" असा व्यापक शब्द आला, कारण काही नव्या करारांत निर्यात करणाऱ्याने स्वतः केलेली घोषणाही चालते. पण म्हणून आयातदाराची जबाबदारी कमी झालेली नाही.

आणि दावा खोटा ठरला तर? भरायची राहिलेली जकात, वर व्याज, वर दंड. शिवाय तोच माल त्याच निर्यातदाराकडून पुन्हा आला तर त्याचीही सवलत नाकारता येते. ही नोटीस माल विकून, पैसे वाटून झाल्यावरही येऊ शकते.

हे एवढे लांबवून सांगण्याचे कारण आहे. आता गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या आहेत. आपली द्राक्षे, डाळिंबे परदेशी पाठवणारे लोक बारामती-इंदापुरात आहेत. उद्या कोणी म्हणेल, कंटेनर भरून द्राक्षे जातात, तर येताना गंधक किंवा पोटॅश आपणच का आणू नये? विचार चांगला आहे. त्याला आयात-निर्यातीचा क्रमांक लागतो, कस्टमचे काम करणारा परवानाधारक दलाल लागतो, आणि खत विकायचे तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखालची परवानगी लागते. ते सारे करता येते. पण दलाल म्हणाला, "सवलत घेऊन टाकू, कागद मी बघतो," की तेथे थांबा. कागद दलाल बघत असला तरी नोटीस कंपनीच्या नावाने येते आणि कंपनी म्हणजे भाग घेतलेले तुम्ही आम्ही. संचालकांनी ते प्रमाणपत्र स्वतः वाचावे, खाणीचे नाव मागावे, जहाजाचा कागद पाहावा. पाच वर्षे कपाटात फाइल ठेवण्याइतकी शिस्त नसेल तर पूर्ण जकात भरून माल आणलेला बरा. झोप तरी लागते.

आता आक्कांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. सवलत मिळालीच, तर ती पोत्याच्या भावात किती उतरते?

हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, दर दिवसागणिक बदलतात. जिप्सम बंदरावर टनाला २,००० रुपयांना पडले आणि जकात ५ टक्के धरली, तर टनाला १०० रुपये. पन्नास किलोच्या पोत्याला ५ रुपये. एकरी दोन टन टाकले तर २०० रुपये. जकातीवरचा अधिभार धरला तर अजून थोडे. एवढीच ती प्रसिद्ध माफी! किनाऱ्यावरून घाट चढून बारामतीपर्यंतचे ट्रकचे भाडे याच्या कितीतरी पट होते. भूतानचे जिप्सम जकातीशिवाय आसामच्या सीमेवर येते खरे, पण तेथून कन्हेरी कुठे! म्हणून स्वस्त दगडाच्या बाबतीत माफ जकातीपेक्षा ट्रकचे भाडे जास्त बोलते. राजस्थानचे जिप्सम असो वा खत कारखान्यात उपपदार्थ म्हणून निघणारे फॉस्फोजिप्सम असो, शेवटी बांधावर पोहोचलेला भाव आणि त्यातला जिप्समचा टक्का, एवढेच पाहावे.

पोटॅशचा हिशेब वेगळा आहे. ते महाग. टनाला ३०,००० धरले तर ५ टक्क्यांनी १,५०० रुपये होतात, पोत्याला ७५. ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण गंमत अशी की ज्या देशांकडून आपण मुख्यतः पोटॅश घेतो त्या रशिया, बेलारूस, कॅनडाशी सवलतीच्या व्यापाराचा करार लागू झालेला नाही. रशिया आणि बेलारूस ज्या युरेशियन गटात आहेत त्याच्याशी वाटाघाटी कशा करावयाच्या त्याच्या मसुद्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये मॉस्कोला सह्या झाल्या, म्हणजे ते लग्न अजून बोलणीतच. त्यामुळे तुमच्या पोत्यावर बेलारूस लिहिलेले असेल आणि विकणारा करारातली माफी सांगत असेल, तर दोन्हींपैकी एक खोटे आहे हे समजा.

शिवाय माफी मिळाली तरी ती पोत्यावर आपोआप उतरत नाही. १ एप्रिल २०१० पासून पोटॅश आणि स्फुरदाच्या खतांवर सरकार अन्नद्रव्याच्या किलोवर अनुदान देते आणि पोत्याची किंमत कंपनी ठरवते. आंतरराष्ट्रीय भाव पेटला की अनुदान पुरत नाही. २०२२ साली पोटॅशचे पोते सतराशे रुपयांवर गेले ते विसरलेले नसाल. बेलारूसवर निर्बंध आले, युक्रेनचे युद्ध पेटले आणि त्याची झळ उसाच्या सरीपर्यंत आली. त्या वर्षी पोत्यामागे पाऊणशे रुपयांची माफी असती तरी ती त्या भडक्यात दिसलीही नसती. वस्तू व सेवा कर तर वेगळाच. करारातली सवलत आयात जकातीला लागते, त्या कराला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की घरच्या पोटॅशकडे लक्ष द्यावे. उसाच्या मळीपासून दारूसाठी अर्क काढल्यावर जो स्पेंटवॉश उरतो त्याच्या राखेत पोटॅश असते. अशा १४.५ टक्के पोटॅशच्या खताला ऑक्टोबर २०२१ पासून अनुदानाच्या यादीत घेतले आहे. उसाने जमिनीतून जे नेले त्यातले काही कारखान्यातून परत येत असेल, तर आपल्या कारखान्याच्या सभेत त्याची चौकशी जरूर करावी. त्याला जकातही नाही आणि सातबाराही आपलाच.

उलट दिशेने हाच नियम आपल्यालाही लागतो, हे जाता जाता सांगतो. आपली द्राक्षे दुसऱ्या देशात गेली की तेथला आयातदार असाच कागद मागतो, भारतात पिकल्याचा. युनायटेड किंग्डमशी २४ जुलै २०२५ ला करार झाला. असे करार लागू होत जातील तशी तिकडच्या कस्टमची नजर आपल्या कागदांवर पडेल. ग्रेपनेटवर बाग नोंदवताना, फवारणीची वही लिहिताना कंटाळा येतो खरा. पण आपण लाओसच्या खाणीवाल्याकडून जे मागतो तेच हे.

राहता राहिला टेम्पोवाला. त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. त्याच्याकडून पक्के बिल मागा. पोत्यावर मूळ देश आणि आयात करणाऱ्याचे पूर्ण नाव-पत्ता छापलेला आहे का ते पाहा. परदेशी मालाच्या पोत्यावर तो असलाच पाहिजे. जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेट किती टक्के, ओल किती, हे बिलावर लिहून घ्या. जकात माफ झाल्याचे तो भावाचे कारण म्हणून सांगत असेल तर कोणत्या कराराखाली आणि कोणत्या देशाच्या मालावर, एवढेच विचारा. खरा माणूस असेल तर सांगेल, नाहीतर म्हणेल मालकाला विचारून येतो. शंका राहिली तर पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्यांना पोत्याचा फोटो दाखवा.

आणि तात्यांना एक विचारावेसे वाटते. चार टन कोणी सांगितले? रान खारवट आहे की चोपण, याची मातीपरीक्षेशिवाय खात्री होत नाही. नुसत्या खारवट जमिनीला जिप्सम लागत नाही, तिला चर आणि गोडे पाणी लागते. चुनखडीच्या जमिनीत काही वेळा जिप्समऐवजी गंधकाने काम होते. सामू, क्षारता आणि सोडियमचे प्रमाण पाहून जिप्सम किती टन लागेल ते काढता येते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मिळते. उन्हाळ्यात रान मोकळे झाले की चार-पाच ठिकाणची माती फूटभर खोलवरून घ्या, सावलीत वाळवा, एकत्र करून अर्धा किलो पिशवीत भरा. पिशवीवर नाव आणि गट नंबर लिहा. ऊस निघाल्याबरोबर लगेच घेऊ नका, आणि बांधाजवळची, शेणाच्या ढिगाखालची माती टाळा. अहवाल हातात आल्यावर टेम्पोवाल्याला फोन करता येईल.